आधी घड्याळ बरोबर लावा!

अमेरिकेत एखाद्या हवामान रडारने वादळी ढगाचा वेध घेतला, की त्याची आकडेवारी थोड्याच वेळात दूरदूरच्या विद्यापीठांतल्या संगणकांवर येऊन पडते. ती मागवायला तिथे कुणी बसलेले नसते. हे काम करते ‘एलडीएम’, म्हणजे लोकल डेटा मॅनेजर, ही युनिक्सवर चालणारी प्रणाली. कोलोरॅडोतल्या बोल्डर शहरातील ‘युनिडेटा’ने ती तयार केली आणि मोफत उपलब्ध करून दिली. पूर्वी हा डेटा उपग्रहावरून येई आणि तो घेण्यासाठी डिश अँटेना लावावी लागे. 1990 च्या दशकाच्या मध्यावर त्याची जागा इंटरनेटने घेतली.

या व्यवस्थेत सगळ्यांना डेटा वाटणारा एकच मोठा सर्व्हर नाही. प्रत्येक संगणक वरच्याकडून घेतो आणि खालच्याला देतो. पाटाच्या पाण्यासारखेच हे! वर चारी फुटली, तर टेलचा शेतकरी कोरडा राहतो. म्हणून एलडीएम बसवण्याआधीच्या गरजांची यादी मनापासून वाचायला हवी. त्या यादीतली जवळजवळ प्रत्येक अट आपल्याइतकीच खालच्यांसाठीही आहे.

बांधणी

एलडीएम मूळ प्रोग्रामच्या रूपात मिळते आणि ती आपल्या संगणकावर स्वतः बांधून घ्यायची असते. त्यासाठी सी भाषेचा कंपायलर, ‘मेक’, पर्ल आणि एक्सएमएल वाचणारी लायब्ररी लागते. यामागे इतिहास आहे. विद्यापीठांत सन, एचपी, आयबीएम अशा कंपन्यांची यंत्रे होती आणि प्रत्येकाचे युनिक्स थोडे वेगळे. 1988 साली आलेल्या पॉझिक्स मानकाने त्यांना समान पाया दिला. त्या पायावर लिहिलेला प्रोग्राम निरनिराळ्या यंत्रांवर बांधता येऊ लागला.

घड्याळ

यादीतली सर्वांत साधी आणि सर्वांत महत्त्वाची अट म्हणजे अचूक वेळ. डेटाच्या प्रत्येक नगावर तो तयार झाल्याची वेळ असते. नेहमीच्या मांडणीत एक तासाहून जुना नग स्वीकारला जात नाही. समजा, आपले घड्याळ दोन तास पुढे आहे. मग आत्ताच निघालेली रडारची नोंदही दोन तास शिळी ठरते आणि नाकारली जाते. कुठलीच तार तुटलेली नसते, तरी डेटा येत नाही. एनटीपी सेवा सुरू ठेवून घड्याळ सतत जुळते ठेवणे म्हणूनच अत्यावश्यक आहे.

रांग

आलेला डेटा ठरावीक आकाराच्या एका फाइलमध्ये रांगेने साठतो. नवे आले की सर्वांत जुने बाहेर पडते. या रांगेत किमान तासाभराचा डेटा मावायला हवा. एखाद्या खालच्या संगणकाचा संपर्क काही मिनिटे तुटला, तर परतल्यावर राहिलेला डेटा त्याला इथूनच मिळतो. दुसरे कारण अधिक बारीक आहे. तोच नग दोन वाटांनी येऊ शकतो. प्रत्येक नगाची एमडी5 ही 128 बिटांची खूण रांगेत असते आणि तिच्यावरून दुबार नग ओळखून टाकून दिला जातो. रांग लहान असेल तर खूण लवकर पुसली जाते, तोच नग पुन्हा आत येतो आणि खालच्यांकडेही पुन्हा जातो. रांगेची फाइल थेट मेमरीशी जोडलेली असते. त्यामुळे ती त्याच संगणकाच्या डिस्कवर हवी, नेटवर्कवरून जोडलेल्या डिस्कवर नको. ती रॅममध्ये मावली तर काम वेगाने होते.

दार

एलडीएमसाठी टीसीपीचे 388 क्रमांकाचे पोर्ट ठरलेले आहे. युनिक्सच्या परंपरेत 1024 च्या खालचे पोर्ट उघडायला रूटचा अधिकार लागतो. रोजचे काम मात्र ‘एलडीएम’ या वेगळ्या, साध्या खात्यातून चालते. खाली डेटा द्यायचा असेल, तर फायरवॉलमध्ये हे पोर्ट बाहेरून येणाऱ्यांना खुले हवे. संगणकाचे नाव आणि पत्ता एकमेकांशी जुळायला हवेत, कारण कुणाला डेटा द्यायचा याची परवानगी त्यांवरूनच ठरते.

या अटींत महागडे असे फारसे काही नाही. लागते ती शिस्त, आणि तीही रोजची. आपल्या संगणकावरचा नकाशा नीट दिसला म्हणजे काम झाले, असे समजणारा व्यवस्थापक अर्धेच काम करतो. आपल्याकडून डेटा घेणाऱ्या शेवटच्या संगणकापर्यंत तो वेळेवर पोहोचतो की नाही, हे पाहणे हे त्याचे उरलेले अर्धे काम आहे.