जुन्या जीपला दुसरं इंजिन टाकताय? आधी ब्रेक आणि कागद बघा

बारामती/इंदापूर : आजोबांच्या काळातली जीप गोठ्याशेजारी पत्र्याखाली उभी आहे. टायर बसलेत, इंजिन जाम झालंय, पण विकायला मन होत नाही. अशा वेळी गॅरेजवर सल्ला ठरलेला असतो, ‘दुसरं इंजिन टाका, गाडी पळायला लागंल.’ पळंल, हे खरं. पण तिला थांबवायचं कसं आणि कागदावर चढवायचं कसं, हे आधी ठरवायला हवं.

कोणतं इंजिन बसतं?

महिंद्राच्या जुन्या सीजे 3बी जीपला 2.2 लिटरचं पेट्रोल इंजिन होतं. त्याजागी बहुतेक जण एमएम 540 चं प्यूजो बनावटीचं डिझेल इंजिन किंवा जुन्या बोलेरोचं डीआय इंजिन बघतात. ही इंजिनं साध्या डिझेल पंपावर चालतात, कॉम्प्युटर लागत नाही. आताचं कॉमन रेल इंजिन घेतलं तर त्याचा कॉम्प्युटर, सेन्सर आणि सगळं वायरिंग सोबत आणावं लागतं. कमी पैशात ते काम होत नाही.

खर्च वाढतो कुठं?

इंजिन हा खर्चाचा एक भाग झाला. फौंडेशन नवीन वेल्ड करावं लागतं. जुना गिअरबॉक्स ठेवला, तर बेल हाऊसिंगला जोडपट्टी लेथवर बनवावी लागते. गिअरबॉक्सही बदलला, तर प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलते. रेडिएटर आणि सायलेन्सरचं काम वेगळंच. डिझेल इंजिन जड असलं, तर पुढचे पाटे दबतात.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते ब्रेककडे. जुन्या जीपला चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात, बूस्टर नसतो. तो नव्यानं बसवला तरी डिझेल इंजिनाला व्हॅक्युम पंप लागतो. पेट्रोल इंजिनासारखा व्हॅक्युम डिझेलमध्ये आपोआप मिळत नाही. पंप विसरला तर बूस्टर नुसता शोभेला.

वेगाचंही तसंच. या जीपच्या क्राउन-पिनियनचं प्रमाण 5.38 असतं. मूळच्या 16 इंची टायरवर ताशी 80 किलोमीटरला इंजिन मिनिटाला सुमारे 3,200 फेरे मारतं, मग ते कोणतंही असो. क्राउन-पिनियन बदलल्याशिवाय पुणे-सोलापूर महामार्गावर गाडी आरामात पळणार नाही. आणि पळवायचीच असेल, तर आधी ब्रेक सुधारा.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार आरसीवरची माहिती कंपनीनं मुळात दिलेल्या माहितीपेक्षा वेगळी होईल, असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन बसवायचं असेल तर आरटीओची परवानगी घ्या आणि बदल केल्यावर 14 दिवसांत कळवून नवा इंजिन नंबर आरसीवर चढवून घ्या. पेट्रोलची डिझेल करणं हा मोठा बदल आहे. तो मंजूर होईल असं धरून चालू नका. विनापरवाना बदलाला प्रत्येकी 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

खरी भीती अपघाताची आहे. इंजिन नंबर जुळला नाही, तर विमा कंपनी दाव्यावर हरकत घेऊ शकते. समोरच्याला द्यायची भरपाई मालकाच्या अंगावर आली, तर जमिनीचा तुकडा विकायची वेळ येते.

जुनं इंजिन घेताना पक्कं बिल आणि ज्या गाडीतून ते काढलं तिच्या आरसीची प्रत घ्या. चोरीच्या गाडीचं इंजिन निघालं तर चौकशी तुमच्या दारात येते. गाडी 50 वर्षांहून जुनी असेल तर आणखी एक गोष्ट. 2021 च्या नियमांप्रमाणे ‘व्हिंटेज’ नोंदणीसाठी ती मूळ रूपात लागते. इंजिन बदललं की तो मान हातचा जाऊ शकतो.

परवडतं का?

समजा, जीप वर्षाला 3,000 किलोमीटर चालते. पेट्रोलवर लिटरला 8 किलोमीटर दिले तर 375 लिटर लागतात, डिझेलवर 12 दिले तर 250 लिटर. पेट्रोल 104 आणि डिझेल 91 रुपये धरलं, तर वर्षाला 16,250 रुपये वाचतात. सगळ्या कामाला दोन लाख गेले, तर ते फिटायला बारा वर्षं लागतील.

म्हणून आधी मूळ इंजिन उघडून बघा. बोअर, पिस्टन, क्रँकचं काम करून ते उभं राहत असेल, तर तोच स्वस्त मार्ग. कागदाला धक्का नाही, गाडीची किंमतही टिकते. इंजिन बदलायचंच असेल, तर आधी बारामतीच्या आरटीओ कार्यालयात (एमएच 42) आरसी घेऊन जा, परवानगी मिळेल का ते विचारा. इसार त्यानंतर द्या.