टपकणारा नळ बंद करू नये तेव्हा

फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यावर थंडीची असाधारण लाट आली. १६ फेब्रुवारीस डॅलस येथील तापमान उणे १९ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरले. लाखो घरांची वीज गेली, घरे तापविणारी यंत्रणा बंद पडली आणि ठिकठिकाणी पाण्याचे पाइप फुटले. तेथील बरीचशी घरे उन्हाळा डोळ्यांपुढे ठेवून बांधलेली असतात. पोटमाळ्यातून व बाहेरच्या भिंतीतून नेलेले पाइप उघडेच होते.

गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. त्यामुळे जेथे बर्फ जमतो तेथेच पाइप फुटतो, असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात बहुधा बर्फाचा बोळा आणि बंद नळ यांच्या मध्ये कोंडलेल्या पाण्यावरील दाब वाढत जातो व पाइप तेथे फुटतो. नळ किंचित उघडा राहिला, तर त्या दाबास वाट मिळते. मुलाकडे गेलेल्या आईवडिलांना हे पटणे कठीण. आयुष्यभर काटकसर केलेला हात रात्री उठून टपकणारा नळ घट्ट पिळतोच. त्याखाली पातेले ठेवावे, सकाळी ते पाणी उपयोगी पडते. पण कडाक्याच्या रात्री नळ तसाच असू द्यावा.

उघड्या पाइपांना फोमचे वेष्टण घालणे, बाहेरच्या नळाची रबरी नळी काढून ठेवणे, सिंकखालच्या कपाटाची दारे उघडी ठेवणे, हे उपाय स्वस्त आहेत. खरा धोका बंद घराचा. डिसेंबर-जानेवारीत लग्नकार्यासाठी भारतात येणारी कुटुंबे बिल वाचविण्याकरिता हीटर बंद करून निघतात. ही बचत महागात पडते. घरात किमान १३ अंश ऊब राखावी, मुख्य व्हॉल्व्ह बंद करून नळ रिकामे करावेत आणि विम्याची कलमे निघण्यापूर्वी वाचावीत. अनेक पॉलिसींत ऊब राखण्याची अथवा पाणी बंद करण्याची अट असते. ती न पाळल्यास दावा फेटाळला जाऊ शकतो.

नळ गोठलाच तर तो उघडून ठेवावा व नळाच्या टोकाकडून मागे सरकत हेअर ड्रायरने किंवा गरम पाण्यात भिजवलेल्या टॉवेलने पाइपास ऊब द्यावी. ज्योत कदापि लावू नये. फुटलेला पाइप बर्फ असेपर्यंत गळत नाही, वितळू लागताच धार लागते. म्हणून त्या वेळी घरातील एकाने मुख्य व्हॉल्व्हपाशी उभे राहावे.