वर्षभरात पूर्ण मांजर

नुकतंच जन्मलेलं मांजराचं पिल्लू जेमतेम 100 ग्रॅमचं असतं. डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले. स्वतःच्या अंगात ऊब टिकवणं पहिले काही आठवडे त्याला जमत नाही, आणि आईने चाटल्याशिवाय शी-शूसुद्धा होत नाही. आई सात घरं फिरवते म्हणतात, ते आकड्याला खरं नसलं तरी जागा ती बदलतेच. म्हणून जिन्याखाली एकटी पिल्लं दिसली की लगेच उचलून आणू नयेत. आई बहुतेक जवळपासच असते.

डोळे पहिल्या दोन आठवड्यांत उघडतात, तेही निळे. खरा रंग दीड-दोन महिन्यांनी चढू लागतो. वजन मात्र भराभर वाढतं: दोन महिन्यांचं पिल्लू किलोभराच्या आसपास, चार महिन्यांचं दोन किलोच्या. ही वाढ आईच्या दुधावर सुरू होते आणि त्यात प्रथिनं गाईच्या दुधाच्या दुपटीच्या आसपास असतात. बशीतलं गाईचं दूध देऊन पिल्लू पोसत नाही, उलट त्याला जुलाब लागतात.

साडेतीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान दुधाचे 26 दात पडून पक्के 30 येतात. पडलेले दात पिल्लू बहुधा गिळून टाकतं. एखादा तांदळाच्या कणीएवढा फरशीवर सापडतो. तोंड उघडून पाहिलं तर काही दिवस जुना आणि नवा सुळा शेजारी-शेजारी दिसतात.

याच सुमारास पाय लांब, कान मोठे, अंग हडकुळं दिसतं. आणि इथेच घोटाळा होतो. हाडांच्या टोकांची कुर्चा अजून वाढतेय, पण मादी पाचव्या-सहाव्या महिन्यात, कधी चौथ्यातच, माजावर येते. स्वतःच्या हाडांना लागणारं कॅल्शियम ती पोटातल्या पिल्लांना देऊ लागते. आपल्या गल्लीबोळांतल्या कितीतरी आया अशा अर्धवट वाढलेल्या पोरी असतात, आणि ते बघवत नाही. नसबंदी पाचव्या महिन्याच्या आतही करता येते. तिने वाढ खुंटते हा समज खोटा आहे. लवकर नसबंदी झाली तर कुर्चा उशिरा भरते आणि पाय किंचित लांबच होतात.

साधं देशी मांजर वर्षाच्या सुमारास पूर्ण आकाराचं होतं, मेन कूनसारख्या थोराड जातीला तीन-चार वर्षं लागतात. नसबंदी न झालेल्या बोक्याचे गाल मात्र वर्षानंतरही भरत राहतात. त्यांची कातडी जाड होते आणि मारामारीत समोरच्याचे दात तिथेच अडतात.