न बांधलेल्या युद्धनौका

सोलापूरकरांना पाणी माहीत आहे ते सिद्धेश्वर तलावाचे, हिप्परग्याचे आणि चार-पाच दिवसांआड येणाऱ्या नळाचे. समुद्र पाहायचा तर रात्रीची गाडी धरून मुंबई गाठावी लागते. अशा आमच्या गावात दिवाळीच्या सुट्टीत भाच्याने मला एक अजस्र युद्धनौका दाखवली. अर्थातच संगणकाच्या पडद्यावर!

"मामा, ही 'मोंटाना'. बारा तोफा आहेत हिला, सोळा इंची!"

"कुठल्या लढाईत होती ही?" मी माहीतगाराच्या थाटात विचारले.

"कुठल्याच नाही. ही बांधलीच नव्हती."

चकलीचा तुकडा हातातच राहिला. पडद्यावर तर लाटा कापत ती निघाली होती. तोफांच्या तोंडून धूर येत होता. कधी जन्मालाच न आलेली नौका शत्रूची जहाजे बुडवत होती! खेळाचे नाव 'वर्ल्ड ऑफ वॉरशिप्स'. २०१५ पासून तो जगभर इंटरनेटवरून खेळला जातो. प्रत्यक्ष लढलेल्या नौकांबरोबरच केवळ नकाशावर राहिलेल्या कित्येक नौका त्यात आहेत. खेळणारी मंडळी त्यांना 'कागदी जहाजे' म्हणतात. आपण पावसाळ्यात गटारीच्या पाण्यात सोडायचो ती वेगळी. ही पन्नास-साठ हजार टनांची!

का बांधल्या नाहीत?

त्या दिवसापासून मला या कागदी जहाजांचा नाद लागला. भाच्याला त्यांच्या तोफांचे कौतुक, मला मात्र एकच प्रश्न छळू लागला. एवढी आखणी झाली, तर ती बांधली का नाहीत?

'मोंटाना'चेच पाहा. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, अमेरिकेने या जातीच्या पाच युद्धनौकांना मंजुरी दिली. रुंदी सुमारे १२१ फूट. पनामा कालव्यातून जहाजे चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या पाण्याच्या कोठ्या होत्या ११० फूट रुंद. म्हणजे नौकेसाठी कालव्यावर नव्या कोठ्या बांधणे आले. तेवढ्यात युद्धाचे रूपच पालटले. क्षितिजापलीकडून आलेली विमाने युद्धनौका बुडवू लागली. पोलाद आणि कामगार विमानवाहू नौकांसाठी हवे झाले. जुलै १९४३ मध्ये पाचही नौका रद्द झाल्या. एकीचाही पहिला पत्रा बसला नव्हता.

इंग्लंडची गोष्ट आणखी वेगळी. १९२१ मध्ये तिथल्या आरमाराने चार प्रचंड नौकांची मागणी नोंदवली. पहिल्या महायुद्धाने सगळ्यांचेच खिसे रिकामे केले होते. फेब्रुवारी १९२२ मध्ये वॉशिंग्टन येथे पाच देशांनी करार करून युद्धनौकांच्या आकारावर आणि संख्येवर मर्यादा घातली आणि या चारही नौका रद्द झाल्या. त्या आराखड्यातील कल्पना आखूड करून पुढे 'नेल्सन' आणि 'रॉडनी' या दोन नौका बांधण्यात आल्या. शहाणपणामुळे काही गोष्टी कागदावर राहतात, त्याचे हे उदाहरण.

सर्वांत चटका लावणारी कथा रशियाची. स्टालिनला जगातले सर्वांत मोठे आरमार हवे होते. जुलै १९३८ मध्ये लेनिनग्राडच्या गोदीत 'सोव्हिएत्स्की सोयूझ' या नौकेची बांधणी सुरू झाली. पण एवढ्या जाडीचे दर्जेदार चिलखती पत्रे तिथल्या कारखान्यांना जमेनात. तिच्या एका भावंड-नौकेत हजारो रिव्हेट निकृष्ट निघाले आणि १९४० मध्ये ती सोडूनच द्यावी लागली. जून १९४१ मध्ये जर्मनीने हल्ला केला आणि उरलेल्यांचे कामही थांबले. युद्धानंतर सांगाडे भंगारात गेले.

आता योगायोग पाहा. हा खेळ जिथे तयार झाला ती संस्था सेंट पीटर्सबर्गची, म्हणजे पूर्वीच्या लेनिनग्राडचीच! ज्या शहरातल्या गोदीत 'सोव्हिएत्स्की सोयूझ' अर्धवट राहिली, त्याच शहरातल्या संगणक-तंत्रज्ञांनी कित्येक दशकांनी ती पुरी केली. पडद्यावर तिचे चिलखत जाड आहे आणि एकही रिव्हेट निकृष्ट नाही.

खेळातला हिशेब

असले खेळ नवे नाहीत. इंग्लंडमध्ये फ्रेड टी. जेन या गृहस्थांनी १८९८ मध्ये टेबलावर खेळायचा आरमारी लढाईचा खेळ काढला. तो खेळायचा तर कोणत्या नौकेवर किती तोफा, कुठे किती चिलखत, हे ठाऊक हवे. म्हणून त्याच वर्षी त्यांनी जगातील युद्धनौकांचा सचित्र कोश प्रसिद्ध केला. आज जगभरची आरमारे जो 'जेन्स फायटिंग शिप्स' कोश प्रमाण मानतात, त्याचे मूळ एका खेळात आहे! तेव्हा पोरांच्या खेळाला नाक मुरडण्याचे कारण नाही. माझ्या भाच्याला वॉशिंग्टन करार शाळेच्या पुस्तकाआधी या खेळाने शिकवला.

तरीही खेळाचा स्वतःचा एक धर्म असतो. सामना बरोबरीचा झाला पाहिजे. जुना नकाशा जिथे मुका असतो तिथे त्याच देशाच्या, त्याच काळातल्या दुसऱ्या नौकेवरून अंदाज बांधतात. नौका किती मार सोसणार, हे तिच्या वजनावरून ठरवतात. तोफ पुन्हा भरायला लागणारे सेकंद गरजेप्रमाणे कमी-जास्त करतात. सामना फार तर वीस मिनिटांचा. बुडालेली नौका पुढच्या सामन्याला पुन्हा ताजीतवानी!

भाच्याचे आजोबा शेजारी बसून हे ऐकत होते. त्यांची हयात चादरीच्या कारखान्यात नक्षी काढण्यात गेली. चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवायचे, त्याबरहुकूम पुठ्ठ्याच्या कार्डांना भोके पाडायची, कार्डांची माळ जेकार्डावर चढवायची आणि मग माग चालवायचा. ते म्हणाले, "नक्षी कागदावर कितीबी देखणी दिसू दे. मागावर चढली की कळतं सूत कुठं तुटतंय ते."

मागावर चढल्यावर सूत तुटते, ते तुटणेच खेळात नसते. पैसे संपणे, पोलाद कमी पडणे, कालवा अरुंद निघणे यांपैकी काहीच तिथे घडत नाही.

आपली कागदी जहाजे

"मग आपलं कागदी जहाज कुठलं?" भाच्याने विचारले.

प्रश्न रास्त होता. जहाजबांधणीचे स्वप्न पाहणारा एक मोठा माणूस तर आपल्याच सोलापुरात १८८२ मध्ये जन्मला. शेठ वालचंद हिराचंद. त्यांच्या सिंधिया कंपनीचे 'लॉयल्टी' हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाले. पण ते विकत घेतलेले होते. जहाज आपल्या देशात बांधायचे, हे स्वप्न पुढे दोन तपे कागदावरच राहिले. विशाखापट्टणमच्या गोदीची कोनशिला बसली जून १९४१ मध्ये. एप्रिल १९४२ मध्ये तिथे जपानी बॉम्ब पडले. अखेर मार्च १९४८ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते 'जलउषा' पाण्यात उतरली. वालचंद शेठ १९५३ मध्ये गेले. स्वप्न कागदावरून उतरलेले त्यांना पाहता आले, हे त्यांचे भाग्य.

मुंबईच्या माझगाव गोदीला मात्र दुसरा अनुभव आला. १९८१ मध्ये भारताने जर्मन कंपनीशी चार पाणबुड्यांचा करार केला. दोन जर्मनीत बांधायच्या, दोन माझगावला. पुढे आणखी दोन माझगावलाच बांधण्याचा विचार होता. आपली माणसे जर्मनीत जाऊन काम शिकली. हे काम साधे नव्हे. पाणबुडी दोनशे मीटर खोल गेली की तिच्या कवचावर बाहेरून हवेच्या वीसपट दाब येतो. वेल्डिंगचा एक सांधा कच्चा राहिला तर सारी माणसे गेली. असे सांधे जोडणारा हात वर्षानुवर्षांच्या सरावाने तयार होतो.

१९८७ मध्ये या व्यवहारात दलालीचे आरोप झाले. ठरलेल्या दोन पाणबुड्या माझगावने पुऱ्या केल्या. भारतात बांधलेली पहिली पाणबुडी 'शल्की' १९९२ मध्ये, तर 'शंकुल' १९९४ मध्ये नौदलात दाखल झाली. पुढच्या दोन मात्र झाल्याच नाहीत. गोदीतला तो विभाग थंड पडला. शिकलेले हात दुसऱ्या कामांना लागले, काही निवृत्त झाले. नवा करार, या वेळी फ्रेंच आराखड्याचा, झाला २००५ मध्ये. त्यातली पहिली 'कलवरी' नौदलात आली डिसेंबर २०१७ मध्ये. 'शंकुल'नंतर तेवीस वर्षांनी! मधल्या काळात जे शिकलो होतो ते पुन्हा शिकावे लागले.

विमानवाहू नौकेचीही गत थोडीफार तीच. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फ्रेंच तज्ज्ञांच्या मदतीने सुमारे २८ हजार टनी नौकेचा आराखडा झाला. १९९१ च्या आर्थिक संकटात तो बाजूला पडला. आराखडे बदलत गेले आणि कोचीत बांधलेली नवी 'विक्रांत' नौदलात दाखल झाली सप्टेंबर २०२२ मध्ये.

आरोप झाले तर चौकशी झालीच पाहिजे आणि पैसा नसेल तर हात आखडावाच लागतो, यात वाद नाही. पण व्यवहार थांबवताना कारागिरांचे काय होणार, याचाही विचार व्हायला हवा होता. नकाशा गुंडाळून कपाटात ठेवला तर वीस वर्षांनी तसाच निघतो. हाताचे तसे नाही. लक्ष्मी-विष्णू आणि नरसिंग गिरजीचे भोंगे बंद झालेले पाहिलेल्या सोलापूरकरांना हे समजावून सांगायला नको.

मी हे सारे सांगितले तेव्हा भाचा थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "त्या दोन पाणबुड्यांची नावं काय ठेवणार होते?"

मला सांगता आले नाही. आजोबा मात्र उठले आणि आतून एक गुंडाळी घेऊन आले. चौकटीच्या कागदावर, लाल-निळ्या रंगात, मोरांची एक जोडी होती. ही नक्षी काढली आणि थोड्याच दिवसांत कारखाना बंद पडला, असे ते म्हणाले. कार्डे पाडायची राहूनच गेली.

भाच्याने संगणक बंद केला आणि आजोबांच्या शेजारी बसून विचारले, "भोकं कशी पाडायची, मला दाखवता?"