समोरून खटखट? गाणं नको, जॅक लावा!

एमएच ३६ पासिंगची जुनी मारुती ८००. काकांनी घेतलेली, मग दादानं पिदडलेली आणि आता कॉलेजवाल्याच्या हाती आलेली. अड्याळसारख्या गावात आपल्या वयाची बरीच पोरं फोर व्हीलर शिकतात ती अशाच एखाद्या गाडीवर. हाती आली की पहिला खर्च कशावर? स्पीकर, सीट कव्हर, मागच्या काचेवर नाव. खड्ड्यात समोरून ‘खट-खट’ येते त्यावर उपाय ठरलेला, गाण्याचा आवाज वाढवायचा. ‘चालते ना बे, काही नाही होत!’

होतं. आणि होतं तेव्हा स्टिअरिंग हातात असतं, गाडी नसते.

८०० ग्राहकाच्या हाती पहिल्यांदा पडली डिसेंबर १९८३ मध्ये, उत्पादन थांबलं जानेवारी २०१४ मध्ये. म्हणजे सगळ्यात ‘नवी’ ८००सुद्धा आज दहा वर्षांच्या पुढची. इंजिनाचं कौतुक सगळेच करतात, पण खालच्या रबराकडे कोण बघतो? पुढच्या प्रत्येक चाकाला उभा शॉकअप आणि त्याभोवती स्प्रिंग असते. या जोडीला मॅकफर्सन स्ट्रट म्हणतात; अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरचं ते नाव. खाली आडवा लोअर आर्म. तो गाडीच्या सांगाड्याला जोडतो तिथं रबरी बुश, चाकाकडे जोडतो तिथं बॉल जॉइंट. आपल्या खांद्यासारखाच सांधा: वाटीत गोळा, आत ग्रीस, वर रबरी टोपी.

सगळा खेळ त्या टोपीचा. ती फाटली की ग्रीस जातं, पाणी-माती शिरते. आपला तर धानाचा पट्टा. रोवणीच्या दिवसांत ट्रॅक्टर बांधीतला चिखल घेऊनच डांबरी रस्त्यावर चढतात. तो चिखल सांध्यात गेला की पॉलिश पेपरसारखा घासतो. गोळा ढिला होतो, आवाज सुरू होतो, स्टिअरिंग भरकटतं. तरी चालवत राहिलात आणि गोळा वाटीतून निसटला, तर चाक आडवं पडतं. समोरून ट्रक येत असेल तर पुढचं लिहायला नको.

तपासायला इंजिनिअर लागत नाही. सपाट जागा, मागच्या चाकांना विटा, जॅक. (नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही. स्टँड हवाच, मिस्त्री काहीही म्हणो.) चाक वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर बॉल जॉइंट किंवा चाकाची बेअरिंग. डावी-उजवीकडून धरून हलवल्यावर खेळ असेल तर बहुधा टाय रॉड एंड. आर्मखाली पहार घालून हलकंच उचकलं की फाटका बुश लगेच दिसतो. शॉकअपवर तेलाचे ओघळ बघा. गाडी खाली घेऊन बोनेटचा कोपरा दाबून सोडा. डोलत राहिली तर शॉकअप गेलेत. टायर एकाच कडेनं घासलेला असेल तर तोही चुगली करतोच.

बदलायचं काम मात्र जाणत्या हाताला द्या. स्प्रिंग दाबलेली असते. दाबायचं हत्यार न लावता शॉकअपचा वरचा नट खोलला, तर ती गोळीसारखी सुटते. हे गॅरेज निवडण्याआधीच विचारा. शॉकअप जोडीनंच बदला. एक नवा, एक जुना असला की गाडी दोन्ही बाजूंनी सारखी वागत नाही. बॉल जॉइंट बरेचदा आर्मसकटच बदलतात, नवे बुशही त्यातच येतात. आणि घाईत हमखास राहून जाणारी गोष्ट: बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी करून. चाक लटकत असताना आवळले तर रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. मग लोक म्हणतात, पार्ट डुप्लिकेट निघाला! डुप्लिकेट असतातच म्हणा, पण दर वेळी दोष त्यांचा नसतो.

यानंतर व्हील अलाइनमेंट. त्यासाठी भंडाऱ्याची चक्कर पडली तरी टाळू नका, नाहीतर नवे टायर काही महिन्यांत टकले होतील. १५ वर्षांनी नोंदणी वाढवताना गाडीची तपासणी होते, पुढे दर ५ वर्षांनी. मधल्या काळात खाली वाकून बघणारे तुम्हीच.

आणि हो, जुने पार्ट गॅरेजात सोडून येऊ नका. नव्या बॉल जॉइंटची दांडी हलवायला अंगठ्याचा जोर लागतो. जुन्याची हलवावी लागत नाही, नुसतीच लोंबते.