दोष ग्रंथींचा की मनाचा?

"डॉक्टर, ह्यांचं रक्त तपासलं की उलगडा होईल ना?" रोग्याचे नातेवाईक खालच्या आवाजात मला हा प्रश्न हमखास विचारतात. घरातल्या कर्त्या पुरुषाला चोरून डोकावण्याची किंवा परक्या बायकांसमोर अंग उघडे टाकण्याची खोड असते. त्याला वेडा म्हणवत नाही, पापी म्हणवत नाही. मग निदान ग्रंथींचा दोष तरी निघावा!

ही आशा अगदीच निराधार नाही. १८४९ साली जर्मनीतील गटिंगेन येथे बर्टहोल्ड ह्या शास्त्रज्ञाने कोंबड्यांचे वृषण काढले. त्यांचा तुरा सुकला, आरवणे व झुंजणे थांबले. ज्यांच्या पोटात वृषण पुन्हा बसवला, ते मात्र पूर्ववत आरवत राहिले. १९३५ साली हा स्राव, म्हणजे टेस्टोस्टेरोन, शुद्ध रूपात हाती आला. कामविकृतीचे मूळ ह्याच्याच अतिरेकात असेल, असे मग कोणालाही वाटावे.

पण वाचकहो, अशा बहुतेक रोग्यांच्या रक्तात हे द्रव्य चारचौघांइतकेच सापडते!

तरीही ते कमी केले की गुण येतो. १९९८ साली इस्राएलमध्ये तीस रोग्यांना असे औषध दिले, तेव्हा त्यांच्या विकृत वासना शमल्या. मात्र काहींची हाडे विरळ झाली. हे कसे? चुलीतली लाकडे ओढली की आमटीची उकळी बसते; म्हणून आमटी लाकडांनी खारट केली, असे ठरत नाही. हॉर्मोन हा जाळ आहे. वासनेला वळण कोठे लागले, हे मेंदूचे व मनाचे कोडे बरेचसे अजून सुटायचे आहे.

एक अपवाद ध्यानात ठेवा. खोड बहुधा तरुणपणीच दिसू लागते. साठीच्या सज्जन गृहस्थाचे वागणे एकाएकी बिघडले, तर आधी त्याच्या गोळ्या पाहाव्यात. कंपवातावरील, तसेच प्रोलॅक्टिन वाढवणाऱ्या पिट्युटरीच्या गाठीवरील काही औषधांनी जुगाराचा नाद किंवा अनावर कामवासना जडू शकते. डॉक्टरांनी औषध बदलले की ती बहुधा ओसरते. स्वतःच्या मनाने मात्र गोळी थांबवू नये.

रक्ताचा कागद स्वच्छ आला म्हणून विकार नाही, असे समजू नका; दोष निघाला तर तो माफीनामाही नव्हे. मनात वासना येणे आणि दुसऱ्याच्या अंगाला हात लावणे, ह्यांत फार मोठे अंतर आहे. पहिल्या पायरीवरच मनोविकारतज्ज्ञाकडे आलेल्या माणसाला सावरता येते.

आणि घरातल्या एखाद्या मुलाला झळ लागली असेल, तर अब्रूचा विचार मागाहून करा. आधी त्या मुलाला सुरक्षित करा. २०१२ च्या पोक्सो कायद्याने असा गुन्हा पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. ग्रंथींची चौकशी त्यानंतरही करता येईल.