मागच्या दाराची किल्ली कुणाकडे?

मुलीला हॉस्टेलवर ठेवताना आपण काय काय विचारतो? फी किती, मेस कशी, गेट किती वाजता बंद होतं! पण आग लागली तर मुली बाहेर कुठून पडणार, हे विचारतो का कधी?

१६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकघरातली आग छपराला लागली आणि ९४ मुलं गेली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधल्या शिक्षकांना आणि कर्मचाऱ्यांना आग विझवण्याची साधनं वापरायला शिकवा, असा आदेश दिला.

कारण लाल सिलिंडर भिंतीवर नुसता टांगून भागत नाही, हात सरावलेला लागतो. पिन ओढायची, नळीचं तोंड ज्वाळांच्या बुडाशी धरायचं, दांडा दाबायचा आणि नळी डावी-उजवीकडे फिरवायची. धूर वर चढतो, म्हणून ओणवं होऊन बाहेर पडायचं. लिफ्ट नको, जिनाच. मोबाइलसाठी परत फिरायचं नाही. बाहेर ठरलेल्या जागी हजेरी घ्यायची, म्हणजे आत कोण राहिलं ते लगेच कळतं. मदतीसाठी ११२. भाजलं तर टूथपेस्ट नको, वीस मिनिटं नळाचं वाहतं गार पाणी.

मैत्रिणींनो, पुढच्या पालकसभेत एवढंच विचारा : शेवटचा सराव कधी झाला? मागच्या दाराला रात्री कुलूप असतं का? ‘अहो, मुलींच्या सुरक्षिततेसाठीच लावतो,’ असं उत्तर येईल. तेव्हा गप्प बसू नका. चोराला बाहेर ठेवणारं दार आतून मात्र किल्लीशिवाय उघडलंच पाहिजे.